खापरपणजोबा पोपच्या नोकरीत होते का? एका इटालियन घराण्याच्या कागदांचं प्रकरण

आमची सून न्यू जर्सीत वाढलेली, मूळ घराणं दक्षिण इटलीतलं. बासिलिकाता प्रदेश, पोतेन्झा प्रांत, आग्री नदीच्या खोऱ्यातलं डोंगरावरचं एक गाव. तिच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या व्याह्यांच्या घरात खापरपणजोबांबद्दल तीन गोष्टी चालायच्या आणि त्या तिन्ही एकमेकींशी अजिबात जुळत नव्हत्या. एक म्हणजे ते मोठे जमीनदार होते, पुरावा काय तर १८७१ ची मृत्यूची नोंद, त्यात 'प्रोप्रिएतारिओ' असं स्वच्छ लिहिलेलं, तो कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावलेला. दुसरी म्हणजे ते पोपच्या नोकरीत होते, हा शोध व्याह्यांच्या चुलत बहिणीचा. आणि तिसरी गोष्ट खरं तर गोष्ट नव्हतीच, कागदच होता, व्याह्यांचे आजोबा १९०६ साली नेपल्सहून बोटीने न्यूयॉर्कला उतरले त्या प्रवाशांच्या यादीत त्यांच्यापुढे 'लेबरर' लिहिलंय. आता जमीनदाराचा नातू मजूर कसा झाला? तर मधल्या काळात कुणीतरी इस्टेट लाटली असणार, अशी चौथी गोष्ट आपोआप तयार झालेली आणि कोणत्या भावाने लाटली यावर दोन शाखांचं बोलणं जवळजवळ बंद.

कागद आधीच जमवलेले होते कारण पूर्वज इटालियन होते या आधारावर नातवंडांसाठी इटालियन पासपोर्ट काढायचा विचार होता. २८ मार्च २०२५ च्या वटहुकुमाने परदेशात जन्मलेल्यांसाठी तो रस्ता आईवडील आणि आजीआजोबांपर्यंतच आवळून टाकला, सून त्यात बसेना, त्यामुळे पासपोर्ट राहिला आणि फाइल उरली. मी एकदा मोडीचा वर्ग केला होता म्हणून व्याह्यांना वाटलं की विहीणबाईंना कुठलंही वेडंवाकडं अक्षर वाचता येतं. तसं काही नसतं हो, पण इटालियन नोंदींची एक सोय आहे, बहुतेक मजकूर छापील असतो आणि हाताने भरलेलं फक्त नाव, वय, धंदा, पत्ता. नेपल्सच्या राज्यात सरकारी जन्ममृत्यूची नोंद १८०९ पासून सुरू झाली, नेपोलियनच्या माणसांनी आणलेली पद्धत, सिसिलीत तीच १८२० पासून, आणि एकत्र इटलीची नवी पद्धत १८६६ पासून. यातलं बरंचसं आता आन्तेनाती नावाच्या सरकारी पोर्टलवर फुकट बघता येतं, पोतेन्झाच्या सरकारी दप्तरखान्यातलं पण.

तर पहिलं काम मी हे केलं की खापरपणजोबांचं नाव जिथे जिथे येतं ते सगळे दस्त सालवारीने लावले आणि प्रत्येकापुढे धंद्याचा शब्द जसाच्या तसा उतरवला. भाषांतर नाही. इथेच खरी गंमत दिसली. १८३२ ला लग्न, शब्द 'ब्राच्चाले'. १८३३ आणि १८३६ ला मुलं झाली, दोन्हीकडे ब्राच्चाले. १८४०, १८४३, १८४७ ला मुलं, तिन्हीकडे 'वातिकाले'. १८५१ ला एक मूल गेलं, तिथे बाप परत ब्राच्चाले. १८५९ ला मुलीचं लग्न, तिथे 'इंदुस्त्रियान्ते'. आणि १८७१ ला स्वतः गेले तेव्हा प्रोप्रिएतारिओ. एका नावाचे चार धंदे, आणि मध्ये एकदा घसरण. त्यात त्याच गावात त्याच नावाचा अजून एक माणूस, तो 'स्कार्पारो'.

चुलत बहिणीने हे सगळं भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं होतं. ब्राच्चालेचं उत्तर आलं ब्रेसलेट, कारण आजच्या इटालियनमध्ये तो शब्द हातातल्या कड्यालाच वापरतात, म्हणून तिने धरलं की पूर्वज सोनार. वातिकाले म्हटल्यावर ॲपने व्हॅटिकन काढलं, झालं, पोपची नोकरी. इंदुस्त्रियान्ते म्हणजे इंडस्ट्रियलिस्ट. आता सोनार, पोपचा सेवक, कारखानदार आणि शेवटी जमीनदार, असा माणूस डोंगरातल्या गावात १८०८ साली जन्मला होता हे मानायला कुणाची हरकत नव्हती, उलट सगळे खूश. व्याही तेवढे म्हणत होते की हे चार वेगळे लोक असतील.

शब्द एकेक घेऊ. ब्राच्चाले, काही ठिकाणी ब्राच्चान्ते, म्हणजे ज्याच्याकडे विकायला फक्त स्वतःचे हात आहेत असा रोजंदारीचा शेतमजूर. दक्षिणेतल्या नोंदींत हा शब्द इतका येतो की पानंच्या पानं तीच असतात. त्याच्या आधी, अठराव्या शतकात बुर्बों राजा कार्लोच्या काळात जे 'कातास्तो ओन्चारिओ' झालं, म्हणजे करासाठी कुटुंबप्रमुखांनी दिलेल्या माहितीवरून केलेली नोंद, त्यात पण धंद्यानुसार कराचा आकडा ठरलेला होता आणि ब्राच्चालेच्या कष्टाची किंमत १२ ओन्चा (कर मोजायचं हिशेबी एकक) धरायचे. म्हणजे हा शब्द कारकुनाच्या मनातला नाही, तो कराच्या वहीतून आलेला वर्ग आहे. हे लक्षात ठेवायला हवं कारण पुढे सगळं त्यावरच उभं आहे, या नोंदींत धंदा म्हणून जे लिहितात ते बऱ्याचदा माणूस सकाळी उठून काय करतो हे नसून गावात त्याची पायरी कोणती हे असतं.

वातिकाले हा मात्र खरा धंदा. नेपल्सच्या राज्यातला शब्द, स्पेलिंगं चारपाच प्रकारची सापडतात, प्रमाण इटालियनमध्ये वेत्तुराले म्हणतील. खेचरांच्या किंवा गाढवांच्या पाठीवर माल लादून गावोगाव नेणारा. धान्य, मीठ, तेल, वाइन, लोकर, जे असेल ते. आपल्याकडे लमाण बैलांवर धान्य आणि मीठ वाहायचे तेच काम, फरक एवढाच की इथे सबंध तांडा नाही, एकटा माणूस, दोनतीन जनावरं. बासिलिकातामध्ये त्या काळी गाडीरस्ते जवळजवळ नव्हतेच, डोंगर आणि नद्यांची कोरडी पात्रं, त्यामुळे बाहेरून काहीही यायचं ते खेचरावरूनच. पण खेचर फुकट मिळत नाही. ब्राच्चालेकडे जे नसतं नेमकं ते वातिकालेकडे असावं लागतं, थोडं भांडवल आणि बाहेरच्या गावांत ओळख. म्हणून १८३६ आणि १८४० च्या मध्ये या माणसाच्या हाती काहीतरी पैसा आला, किंवा हुंड्यातून, किंवा उधारीवर, एवढं तर नक्की म्हणता येतं. जर हा एकच माणूस असेल तर.

आणि तेच सिद्ध करायचं होतं.

दक्षिण इटलीत नावं ठेवायची पद्धत ठरलेली, पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव. म्हणजे एका आजोबाला चार मुलगे असले की चौघांच्या घरी एकेक नातू त्याच नावाचा, आडनाव तर एकच, आणि वयात दोनतीन वर्षांचा फरक. लोक यातून सुटायला धंद्याचा आधार घेतात, हा मजूर तो चांभार, म्हणजे दोन वेगळे. साधारण चालतं. पण जो माणूस धंदा बदलतो त्याचे तुकडे पडतात आणि फॅमिली ट्रीमध्ये एकाचे तीन होतात. उलटं पण होतं, दोघांना एक करून टाकतात. या घरात आणखी एक भर, दोघा चुलतभावांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या होत्या आणि दोघींच्या नावात पुढे मारिया. कारकुनाला कंटाळा आला की तो मारिया लिहून मोकळा. मग जन्माच्या नोंदीत बापाचं नाव तेच, आईचं नाव तेच, सासरचं माहेरचं आडनाव तेच, वेगळं काय तर धंदा आणि वय, आणि वय म्हणजे तर बोलायलाच नको, ती लोकं अंदाजे सांगायची.

इथे पहिला धागा १८४० च्या रजिस्टरमध्ये मिळाला. त्या एका वर्षात या नावाच्या बापाची दोन मुलं नोंदलीयत, एक वातिकालेचं, एक स्कार्पारोचं, मध्ये अंतर तीन महिन्यांचं. दोन्हीकडे आई नुसती मारिया. एका बाईला तीन महिन्यांच्या अंतराने दोन मुलं होत नाहीत, म्हणजे वातिकाले आणि स्कार्पारो दोन वेगळी माणसं, हे पक्कं. स्कार्पारो म्हणजे जोडे शिवणारा, प्रमाण भाषेत काल्त्सोलायो. राहता राहिला प्रश्न १८३३ आणि १८३६ च्या ब्राच्चालेचा, तो यातला कोण की तिसराच?

याचं उत्तर जन्माच्या नोंदीत मिळत नाही. ते मिळतं लग्नाच्या जोडपत्रांत. 'प्रोचेस्सेत्ती' म्हणतात त्यांना, लग्नासाठी नवरानवरीने आणून दिलेल्या कागदांची पुडकी, आणि माझ्या मते दक्षिण इटलीच्या वंशावळीत यापेक्षा मोलाची वस्तू नाही, तरी निम्मे लोक ती उघडतच नाहीत कारण ती वेगळ्या फाइलीत असतात. नियम असा होता की नवऱ्यामुलाला वडिलांची संमती हवी, वडील वारले असतील तर त्यांचा मृत्यूचा दाखला, आणि मग संमती आजोबांची हवी म्हणून आजोबा पण नसतील तर त्यांचाही मृत्यूचा दाखला. म्हणजे १८३२ च्या एका लग्नात आपल्याला फुकटात दोन पिढ्या मागचा माणूस मिळतो. आपल्या नवऱ्यामुलाचा जन्म सरकारी नोंद सुरू व्हायच्या आधीचा, म्हणून चर्चमधून काढलेला बाप्तिस्म्याचा उतारा, वडील १८२९ ला गेलेले त्यांचा दाखला, आजोबा १८११ ला गेले त्यांचा दाखला. वडील पण ब्राच्चाले, आजोबा पण ब्राच्चाले. सोनार कुठेच नाही! आणि वधूचं नाव पूर्ण, मारियाच्या पुढचं दुसरं नाव धरून.

मग १८३३ साली जन्मलेल्या मुलीच्या लग्नाची जोडपत्रं, ती १८५९ ची. त्यात तिच्या जन्माच्या नोंदीचा उतारा लावलेला, तिथे बाप ब्राच्चाले. पण लग्नाच्या मुख्य दस्तात त्याच बापाचं वर्णन इंदुस्त्रियान्ते, आणि आईचं नाव पूर्ण, १८३२ मधलंच. १८४७ साली जन्मलेला मुलगा, म्हणजे व्याह्यांचे पणजोबा, त्याच्याही लग्नाची जोडपत्रं मिळाली, तिथे जन्माच्या उताऱ्यात बाप वातिकाले, सोबत बापाचा १८७१ चा मृत्यूचा दाखला, प्रोप्रिएतारिओ, आणि बायको परत तीच पूर्ण नावाची. साखळी जुळली. ब्राच्चाले, वातिकाले, इंदुस्त्रियान्ते, प्रोप्रिएतारिओ, चौघंही एकच.

दुसऱ्याचं काय झालं ते पण कळलं आणि ते वाचताना मन थोडं घाबरंघुबरं झालं. १६ डिसेंबर १८५७ च्या रात्री दहानंतर या भागात प्रचंड भूकंप झाला, आग्रीचं खोरं तर पार उद्ध्वस्त, मोन्तेमुर्रोसारखं गाव जवळजवळ नाहीसं झालं, एकूण बळी सुमारे दहा हजार. रॉबर्ट मॅलेट नावाचा आयरिश इंजिनीयर पडलेली घरं बघायला मुद्दाम तिकडे गेला होता आणि त्याच्या त्या कामाला भूकंपशास्त्रात अजून मान आहे. गावाच्या मृत्यूच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेनंतर कारकुनाचं अक्षरच बदलतं, पानामागून पान एकच तारीख. त्यात आमचा स्कार्पारो, वय ४६, बायकोचं नाव पूर्ण, म्हणजे बहिणीबहिणीतली दुसरी मारिया. त्यामुळे १८५७ नंतर गावात या नावाचा त्या वयाचा एकच माणूस उरतो आणि १८७१ च्या दाखल्यावर शंका घ्यायला जागा राहत नाही.

बरं मग १८५१ ची घसरण? वातिकाले झालेला माणूस परत ब्राच्चाले कसा? यावर दोन्ही शाखांनी भरपूर कादंबरी रचलेली होती, खेचरं मेली, कर्ज झालं वगैरे. दस्त नीट वाचला की दिसतं, मृत्यूची वर्दी बापाने दिलेलीच नाही. त्या काळी मृत्यूची नोंद करायला दोन माणसं जायची, बऱ्याचदा शेजारी, आणि मेलेल्याच्या आईबापाची माहिती पण तेच सांगायचे. इथे आलेले दोघं स्वतः ब्राच्चाले. त्यांनी सांगितलं, किंवा कारकुनाने विचारलंच नाही आणि वरच्या ओळीतला शब्द खाली ओढला, हे पण मी खूप बघितलंय. बाप तेव्हा कदाचित माल घेऊन बाहेरगावी असेल, पण ते आपलं अनुमान. धंदा कोणी सांगितला हे बघितल्याशिवाय त्यावरून चढउतार काढू नये एवढं मात्र मी व्याह्यांना अगदी दरडावून सांगितलं.

इंदुस्त्रियान्तेने मला सगळ्यात जास्त छळलं. कारखान्याशी काही संबंध नाही हे उघड आहे, १८५९ साली त्या डोंगरात कारखाना कसला. हा शब्द त्या राज्यात स्वतःच्या थोड्याफार भांडवलावर काहीबाही खटपट करून कमावणाऱ्याला लावायचे, जनावरं घे विक, धान्य साठव, कुणाची जमीन खंडाने घे. नेमका धंदा त्यातून कळत नाही, पण एक गोष्ट कळते, की हा आता दुसऱ्याच्या रोजावर जात नाही. मुलीच्या लग्नात बाप स्वतः हजर होता म्हणजे हा शब्द त्याच्यासमोर लिहिला गेलाय. भूकंपानंतर दोन वर्षं उलटलेली, सगळं गाव नव्याने उभं राहतंय, लाकूड चुना धान्य सगळं बाहेरून येणार, ज्याच्याकडे खेचरं शिल्लक आहेत त्याला काम भरपूर असणार, असं मला वाटतं.

आता फ्रेममधला शब्द. प्रोप्रिएतारिओ म्हणजे मालक, एवढाच अर्थ. कशाचा मालक आणि किती, ते शब्दात नाही. नेपोलियनच्या काळात आणि नंतर काही वर्षं हा शब्द बहुतेक त्यांच्यापुढे दिसतो जे स्वतः हाताला माती लावत नाहीत, जमिनीच्या उत्पन्नावर बसून खातात, ज्यांना गावात गालान्तुओमो म्हणायचे. पण एकत्र इटली झाल्यावर अनेक गावांत तो सैल होत गेला आणि चार वेली द्राक्षाच्या असल्या तरी लावायला लागले. मग आपल्या गावात १८७१ ला तो कसा वापरत होते हे कसं कळणार? साधा उपाय, त्याच कारकुनाचं त्या वर्षाचं अख्खं रजिस्टर वाचायचं आणि हा शब्द अजून कोणाकोणाला लावलाय ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे पण पर्याय नाही. इथे दोन प्रकारचे प्रोप्रिएतारिओ निघाले. काहींच्या नावाआधी 'दोन' लावलेलं, आकडा नव्हे, मोठ्या माणसांच्या नावाआधी लावायची मानाची उपाधी, नुसतं एक अक्षर आणि टिंब, आणि ही मंडळी खाली सुंदर वळणदार सही करतात. बाकीच्यांच्या नावाआधी काही नाही आणि दस्ताच्या शेवटी छापील वाक्य, की वर्दी देणाऱ्यांनी लिहिता येत नसल्याचं सांगितलं. खापरपणजोबांच्या नावाआधी कुठल्याच दस्तात हे 'दोन' नाही, १८३२ पासून १८७१ पर्यंत, आणि सही पण एकाही ठिकाणी नाही. मुलीच्या लग्नातही नाही.

जमिनीचं कागदावर बघायला गेलो तर नेपोलियनचा मेहुणा मुरा नेपल्सचा राजा होता त्याच्या राज्यात सुरू झालेलं जमिनीचं दप्तर, कातास्तो प्रोव्हिझोरियो, त्याच्या फेरफारांत त्यांच्या नावे दोन रूमचं घर, खाली तबेला, एक द्राक्षमळा आणि पेरणीचा एक तुकडा. जमीन सगळी मिळून तीन तोमोलोच्या आत. तोमोलो जागोजागी वेगळं, पण पाऊण ते एक एकर धरा. म्हणजे फार तर तीन एकर आणि तबेला. व्याह्यांचा चेहरा जरा पडला, मी म्हटलं अहो, बाप आणि आजा ज्याचे नुसते हातावर पोट असणारे, त्याने अक्षरओळख नसताना खेचरांवर एवढं उभं केलं, मोठे जमीनदार तर तिकडे आयते जन्मायचे. ते हसले पण फ्रेम काही काढली नाही, आणि का काढावी.

इस्टेट कोणी लाटली याचं उत्तर आता फार रुक्ष आहे. जिवंत राहिलेली चार मुलं, कायद्याने वाटण्या, तीन एकराचे चार तुकडे. १८४७ चा मुलगा, ज्याच्या हाती खेचरं आली असतील, त्याचा धंदा स्वतःच्या लग्नात वातिकाले आहे आणि १८८४ ला मुलगा झाला तेव्हा कोन्तादीनो, म्हणजे शेतकरी, किंवा शेतावर राबणारा, दोन्ही. मधल्या काळात काय झालं तर रस्ते होत गेले आणि १८८० ला पोतेन्झापर्यंत रेल्वे आली. लांबचा माल जिथे गाडीने जायला लागला तिथे खेचरवाल्याकडे उरला स्टेशनपासून गावापर्यंतचा तुकडा, त्यावर घर चालत नाही. आग्रीच्या खोऱ्यातून माणसं किती निघून गेली याचा अंदाज एका प्रसंगावरून येतो, १९०२ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान झानार्देल्ली बासिलिकाता बघायला आले तेव्हा मोलितेर्नोच्या नगराध्यक्षांनी त्यांचं स्वागत आठ हजार नागरिकांच्या वतीने केलं, आणि पुढे सांगितलं की त्यातले तीन हजार अमेरिकेत आहेत आणि बाकीचे पाच हजार त्यांच्यामागून जायच्या तयारीत आहेत.

त्यातलेच व्याह्यांचे आजोबा, १९०६. बोटीच्या यादीतलं लेबरर तर सगळ्यात कमी मनावर घ्यायचं. त्या याद्या निघतानाच, बोट कंपनीच्या लोकांनी भरलेल्या असायच्या, रकाने अमेरिकन कायद्याप्रमाणे, आणि पानावरचे तीसच्या तीस इटालियन पुरुष लेबरर किंवा पेझंट. शिवाय आधीपासून नोकरी ठरवून यायला १८८५ च्या कायद्याने बंदी होती, त्यामुळे लोक धंद्याबद्दल फार बोलायचेच नाहीत, साधंसुधं काहीतरी सांगून पुढे सरकायचे. यातून आजोबा काय करत होते ते कळत नाही, लेबरर म्हणून घसरले असं तर मुळीच नाही.

बायकांबद्दल एक परिच्छेद हवाच, कारण व्याह्यांच्या ट्रीमध्ये सगळ्या पणज्या 'सूत कातणाऱ्या' आहेत आणि सूनबाईने त्यावरून एक चरख्याचं चित्रसुद्धा काढून ठेवलंय. शब्द 'फिलात्रीचे'. खरंच कातायच्या, घरोघर, यात वाद नाही. पण त्या गावचा कारकून भिकारणीपासून वातिकालेच्या बायकोपर्यंत सगळ्यांना फिलात्रीचे लिहितो, मग दुसरा कारकून येतो आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्या बायका कोन्तादीना. एका महिन्यात अख्ख्या गावातल्या बायकांनी चरखा टाकून खुरपं घेतलं असं तर झालं नसणार. नवरा महिन्याचे वीस दिवस रस्त्यावर असताना घर, मळा, जनावरांचा दाणागोटा, येणीदेणी कोण सांभाळत होतं? मारियाच ना. ते कुठल्याच रकान्यात नाही. बायकांमध्ये खरा धंदा म्हणून विश्वास ठेवावा असे शब्द थोडे, दाई म्हणजे लेव्हात्रीचे, किंवा टाकून दिलेली मुलं ताब्यात घेणारी सरकारमान्य बाई, ती स्वतःच वर्दी द्यायला येते आणि तिथे तिचा हुद्दा नीट लिहिलेला असतो.

ज्यांना असंच कुणाचं काम करायचंय त्यांनी इंटरनेटवरच्या जुन्या धंद्यांच्या याद्या जरूर वापराव्यात पण प्रदेश बघून. मास्सारो घ्या, दक्षिणेत तो स्वतःचे बैल-नांगर असलेला किंवा मोठ्या वाडीचा कारभारी, ब्राच्चालेच्या बराच वरचा, आणि उत्तरेत काही भागांत तोच शब्द वाट्याने शेती करणाऱ्या कुळाला. फाब्ब्रिकातोरे वाचून फॅक्टरी मालक समजू नका, दक्षिणेत तो गवंडी. स्पेत्सियाले म्हणजे स्पेशल कोणी नाही, औषधं विकणारा. चिव्हिले म्हणजे बरा खातापिता, हाताने काम न करणारा माणूस. त्राप्पेतारो तेलघाण्यावरचा. आणि कधीकधी शब्द अगदी सरळ असतो हे पण विसरू नये, शेजारच्या विज्जानो गावात धंदा म्हणून वाजवणारा असं दिसलं तर ते खरंच वाजवणारे, तिथले लोक छोटी हार्प पाठीला बांधून युरोप-अमेरिका फिरायचे, प्रसिद्ध आहेत त्यासाठी. अक्षराची पण एक खोच, जुन्या हातात दोन एस लागोपाठ आले की पहिला लांब, एफसारखा दिसतो, त्यामुळे मास्सारोचा माफ्सारो वाचून लोक याद्यांमध्ये शोधत बसतात. आणि ओळीच्या शेवटी जागा संपली की शब्द तोडून शेवटची दोन अक्षरं वर बारीक लिहायची सवय, 'प्रोप' आणि वर 'रिओ', हे कळलं की अर्धी डोकेदुखी जाते.

ट्रीमध्ये आम्ही शेवटी असं केलं की खापरपणजोबांच्या व्यवसायाच्या जागी एक शब्द न ठेवता सगळ्या नोंदी ठेवल्या, प्रत्येकीला साल, कोणता दस्त, कोणी सांगितलं, मूळ इटालियन शब्द, आणि अर्थ त्याच्या खाली वेगळा. १८५१ ची पण ठेवली, वर्दी शेजाऱ्यांची असं लिहून. स्कार्पारो भावाला स्वतःचं पान मिळालं, आत्तापर्यंत त्याची दोन मुलं चुकून आपल्याकडे जोडलेली होती. त्यांचे वंशज निघाले पेनसिल्व्हेनियात, फोनाफोनी झाली, त्यांच्याकडे घरात चालत आलेली गोष्ट अशी की आमचे पूर्वज राजाचे जोडे शिवायचे. त्याला मी अजून हात लावलेला नाही.

राहिलं एक काम. १८३६ ते १८४० मध्ये पहिलं खेचर कुठून आलं. जनावराची खरेदी कधीकधी नोटरीपुढे व्हायची, विशेषतः उधारीवर असेल तर, आणि शंभर वर्षांवरचे नोटरींचे दप्तर सरकारी दप्तरखान्यात जमा होतात, ते ऑनलाइन नाहीत. व्याह्यांनी पोतेन्झाला ईमेल टाकलंय आणि चुलत बहीण पुढच्या उन्हाळ्यात जाणारच आहे. ती अजून विचारते की खेचरं घेऊन रोमपर्यंत जात असतील की नाही, म्हणजे पोपपर्यंत नाही तरी जवळपास. मी तिला सांगितलं, रोम तेव्हा वेगळ्या राज्यात, मध्ये सरहद्द, मध्ये जकात, त्याचा माल जाणार नेपल्सकडे नाही तर पुलियाच्या मैदानात. तिने नकाशा मागवलाय.